परवाना, तपासणी आणि फवारणारे हात : यवतमाळच्या संदर्भात कीटकनाशक नियमांचा विचार

एखादा व्यवसाय करण्यासाठी सरकारचा परवाना का घ्यावा लागतो आणि परवाना दिल्यावरही सरकारचा निरीक्षक त्या दुकानात का येतो, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात जितकी सरळ वाटतात तितकी ती यवतमाळ जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांच्या बाबतीत राहत नाहीत. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर उभ्या असलेल्या सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात शेतकऱ्याला बियाणे, खत आणि कीटकनाशक, म्हणजे ज्यांना सरकारी भाषेत कृषी निविष्ठा म्हणतात त्या वस्तू, ज्या दुकानातून मिळतात ते दुकानच बहुतेक वेळा त्याचा सल्लागार असते आणि अनेकदा त्याचा सावकारही असते. त्यामुळे या दुकानदाराची पात्रता काय असावी, त्याची तपासणी कोणी, किती वेळा आणि कोणत्या गोष्टींसाठी करावी, याविषयीचे नियम बदलले की त्याचा परिणाम थेट शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरावर होतो. 2015 ते 2023 या काळात हे नियम केंद्र सरकारने अनेकदा बदलले, महाराष्ट्र शासनाने स्वतःची कडक विधेयके मांडली, आणि या बदलांच्या मधोमध 2017 चा तो खरीप हंगाम येऊन गेला ज्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण घेतले आणि शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले.

भारतातील कीटकनाशक कायद्याचा जन्मच मुळी एका विषबाधेतून झाला. 1958 मध्ये केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन या अतिविषारी कीटकनाशकाचा संसर्ग धान्याला झाला आणि ते अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. या घटनेच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला, आणि त्यानंतरच्या विचारविनिमयातून संसदेने कीटकनाशक अधिनियम, 1968 मंजूर केला. त्याखालील नियम 1971 मध्ये लागू झाले. या कायद्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे बदल कळत नाहीत. कोणते रसायन देशात वापरता येईल हे ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या नोंदणी समितीकडे आहे आणि या प्रक्रियेला नोंदणी म्हणतात. नोंदणी झालेले रसायन कोण बनवू शकेल, कोण साठवू शकेल आणि कोण विकू शकेल हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे आहे आणि तो म्हणजे परवाना. तर परवान्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम राज्याने नेमलेल्या कीटकनाशक निरीक्षकाचे आहे. रसायनाची निवड अशा रीतीने दिल्लीच्या हाती राहिली, आणि दुकानाची जबाबदारी राज्याच्या, म्हणजे प्रत्यक्षात जिल्ह्याच्या कृषी यंत्रणेच्या, अंगावर आली.

निरीक्षकाने आपल्या क्षेत्रातील प्रत्येक विक्री केंद्राची वर्षातून किमान तीन वेळा तपासणी करावी, असे नियम सांगतात. दुकानात गेल्यावर तो परवाना दर्शनी भागात लावला आहे का, भावफलक आहे का, साठा नोंदवही आणि प्रत्यक्षातला साठा जुळतो का, ज्या कंपनीचा माल ठेवला आहे त्या कंपनीने दिलेले प्रमाणपत्र परवान्यात समाविष्ट आहे का, मुदत संपलेला माल वेगळा ठेवला आहे का आणि ग्राहकाला पक्के बिल दिले जाते का हे पाहतो. संशय आल्यास तो नमुना काढतो. या नमुन्याचे तीन भाग करून एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला आणि एक न्यायालयासाठी राखून ठेवावा लागतो, जेणेकरून उद्या वाद झाला तर तिसरा भाग दोघांमधला साक्षीदार ठरावा. महाराष्ट्रात कीटकनाशक तपासणीच्या शासकीय प्रयोगशाळा मोजक्याच आहेत आणि विदर्भासाठी त्यातली अमरावतीची प्रयोगशाळा महत्त्वाची आहे. विश्लेषकाने तीस दिवसांत अहवाल द्यावा अशी तरतूद आहे, आणि तो अहवाल ज्याला मान्य नसेल त्याला अठ्ठावीस दिवसांत हरकत नोंदवून फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे फेरतपासणी मागता येते. हंगामात बोंडअळी दिसली की शेतकरी दोन-चार दिवसांत फवारणी उरकतो. त्यामुळे नमुना नापास झाल्याचे कागदावर उमटेपर्यंत तो माल बहुधा पिकावर पडून गेलेला असतो, आणि तपासणीचा उपयोग पुढच्या खटल्यापुरता उरतो. हा दोष निरीक्षकाचा नाही, वेळेच्या गणिताचा आहे. तरीही तपासणीच्या संख्येवर समाधान मानताना हे गणित विसरले जाऊ नये.

मात्र या तपासणीचा खरा रोख कशावर आहे हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाहिले जाते ते एवढेच की बाटलीवर लिहिलेला सक्रिय घटक सांगितलेल्या प्रमाणात बाटलीत आहे की नाही. प्रमाण कमी भरले किंवा घटक वेगळा निघाला तर माल अप्रमाणित किंवा चुकीची छाप असलेला ठरतो आणि विक्रेता, वितरक व उत्पादक यांच्यावर कारवाई होते. म्हणजे शेतकऱ्याचे पैसे वाया जाऊ नयेत आणि त्याचे पीक हातचे जाऊ नये, ही काळजी या व्यवस्थेत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु बाटलीत नेमके तेच विष आहे जे असायला हवे, परवाना वैध आहे, बिलही दिलेले आहे, आणि तरीही ते फवारणारा माणूस मरतो, अशा प्रसंगी ही तपासणी काही बोलत नाही. यवतमाळमध्ये 2017 साली बहुतांशी हेच घडले.

त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पऱ्हाटी (कपाशी) दाट वाढून माणसाच्या छाती-खांद्यापर्यंत आलेली असताना, वाकून नव्हे तर समोरच्या आणि डोक्यावरच्या उंचीवर फवारणी करावी लागत होती आणि तुषार अंगावर, तोंडावर पडत होते. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळवली होती, रसशोषक किडींचाही उपद्रव होता, आणि एक औषध लागू पडत नाही म्हटल्यावर दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत रूढ झाली होती. अशी मिश्रणे नोंदणी समितीने तपासलेली नसतात. बाटलीवरचा मजकूर प्रत्येक औषधासाठी वेगळा असतो आणि त्यांचे एकत्र परिणाम काय होतील याविषयी तो काहीच सांगत नाही. वेगाने बारीक तुषार उडवणारे स्वस्त यांत्रिक पंप आले होते, हवा दमट आणि उष्ण होती, आणि रोजाने किंवा पंपामागे दराने काम करणाऱ्या मजुराकडे हातमोजे, चष्मा आणि तोंडावरचे आवरण नव्हते. उलट्या, अंधुक दिसणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे अशा लक्षणांनी रुग्ण येऊ लागले आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर त्यांचा भार पडला. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधाच्या विषबाधेवर अॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम ही औषधे वापरता येतात आणि रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची पातळी पाहून बाधेची तीव्रता कळते. पण डायफेनथियुरॉन किंवा फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड यांसारख्या औषधांना विशिष्ट उतारा नाही, आणि रुग्णाने नेमके काय फवारले हे त्याला स्वतःलाच सांगता येत नसेल तर डॉक्टरचे काम दुप्पट कठीण होते. दुकानातून दिले जाणारे पक्के बिल वैद्यकीय दृष्टीनेही किती मोलाचे असते, हे या प्रसंगी स्पष्ट झाले.

ऑक्टोबर 2017 मध्ये राज्य शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, काही विक्रेत्यांवर गुन्हे नोंदवले आणि मृतांच्या कुटुंबीयांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. त्यानंतर मोनोक्रोटोफॉस, डायफेनथियुरॉन, अॅसिफेट, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड या पाच उत्पादनांच्या विक्रीवर व वापरावर यवतमाळसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घालण्यात आली. बंदी साठच दिवसांची का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याचे कारण राज्याच्या इच्छाशक्तीइतकेच कायद्याच्या चौकटीत होते. अधिनियमाच्या कलम 27 प्रमाणे एखाद्या कीटकनाशकामुळे माणसांना धोका आहे असे वाटल्यास राज्य सरकार तपास होईपर्यंत मर्यादित काळापुरती मनाई करू शकते, कायमची बंदी मात्र केंद्राच्याच हाती असते. 2018 च्या खरिपातही राज्याला पुन्हा अशीच तात्पुरती मनाई काढावी लागली. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर देशात 2005 पासूनच निषिद्ध होता, 2013 मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यातील शाळेत मध्यान्ह भोजनातून या विषाने तेवीस मुलांचा बळी घेतला होता, आणि तरीही त्याच्या 36 टक्के द्रवरूप उत्पादनाविरुद्ध केंद्राचा आदेश येण्यास 2023 साल उजाडले.

राज्याचे हात इतके बांधलेले असले तरी परवान्याच्या मार्गाने बरेच काही करता येते, हे इतर राज्यांनी दाखवले आहे. कासरगोडमध्ये एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या दुष्परिणामांचा अनुभव घेतलेल्या केरळने 2011 पासून अतिविषारी औषधांच्या विक्रीवर निर्बंध आणले आणि काही कीटकनाशके कृषी अधिकाऱ्याच्या लेखी शिफारशीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पंजाबने 2018 मध्ये वीस कीटकनाशकांसाठी नवे परवाने न देण्याचे ठरवले. नोंदणी केंद्राची असली तरी आपल्या दुकानातून काय विकले जाईल याचा निर्णय राज्य परवान्याच्या अटींतून काही अंशी घेऊ शकते, हा या उदाहरणांचा अर्थ आहे. विदर्भासाठी महाराष्ट्राने हा मार्ग पुरेशा गांभीर्याने अवलंबला नाही, असे म्हणणे भाग आहे.

केंद्राने मात्र दुसरी दिशा धरली, आणि ती यवतमाळच्या घटनेच्या आधीच धरलेली होती. नोव्हेंबर 2015 मध्ये कीटकनाशक नियमांत दुरुस्ती करून विक्रीचा परवाना मागणाऱ्या व्यक्तीकडे, किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीकडे, कृषी अथवा संबंधित विज्ञान शाखेची पदवी असावी अशी अट घालण्यात आली. तोपर्यंत शिक्षणाची अट नसल्याने वडिलोपार्जित दुकान चालवणारे अनेक जण अनुभवाच्या बळावर औषधे विकत होते. जुन्या परवानाधारकांना पात्रता मिळवण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली गेली. ती पुढे वारंवार वाढवण्यात आली आणि अखेर त्यांच्यासाठी बारा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेसा मानण्यात आला. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, जिला मॅनेज या नावाने ओळखले जाते, 2003 पासून चालवलेला निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम याच काळात विशेष महत्त्वाचा ठरला, कारण त्यात आठवड्यातून एक दिवस वर्ग आणि काही दिवस शेतभेटी अशी रचना असल्याने दुकान बंद न करता शिकता येते. ही सुधारणा मनापासून स्वागतार्ह आहे. ज्याच्या शब्दावर गाव फवारणी करते त्याला किडीची ओळख आणि विषाची जाण असणे ही किमान अपेक्षा आहे. तरीही तिच्यात एक पोकळी राहिली. पदवी परवान्याला जोडलेली असते आणि काउंटरवर बाटली हातात देणारा माणूस बहुधा वेगळाच असतो, तर भाड्याने घेतलेल्या पदवीधराच्या नावावर परवाना काढण्याचा मोह नियमाच्या रचनेतच दडलेला आहे. तपासणीच्या वेळी प्रमाणपत्र भिंतीवर आहे की नाही एवढेच पाहिले गेले तर ही पोकळी कधीच भरणार नाही.

2022 मध्ये दोन बदल झाले आणि दोन्हींचा यवतमाळशी जवळचा संबंध आहे. नोव्हेंबरमध्ये नियम दुरुस्त करून परवानाधारकांना इंटरनेटवरील विक्री मंचांमार्फत कीटकनाशके विकण्याची मुभा देण्यात आली आणि विक्रेत्याचा परवाना वैध आहे याची खात्री करण्याची जबाबदारी त्या मंचावर टाकण्यात आली. स्पर्धेमुळे दर उतरतील हे खरे, पण घरपोच आलेल्या खोक्यासोबत सल्ला येत नाही, आणि ज्या निरीक्षकाचे कार्यक्षेत्र तालुक्यापुरते आहे त्याने परराज्यातून आलेल्या बाटलीची तपासणी कोणत्या दुकानात जाऊन करावी हे नियमांत पुरेसे उलगडलेले नाही. दुसरा बदल त्याच्या आधीच्या महिन्यातला. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केवळ कीड नियंत्रण चालकांमार्फतच करता येईल असा आदेश काढला. कीड नियंत्रण चालक म्हणजे फवारणी किंवा धुरीकरणाचे काम व्यवसाय म्हणून करण्याचा परवाना घेतलेली प्रशिक्षित व्यक्ती. शहरांत वाळवी-झुरळांच्या कामासाठी असे परवानाधारक परिचित आहेत, खेड्यातल्या शेतात ते अपवादानेच भेटतात. पांढरकवडा, झरी-जामणी, वणी या तेलंगणाच्या सीमेलगतच्या भागांत मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील बियाण्याचा, ज्याला शेतकरी चोरबीटी म्हणतात, प्रसार झालेला आहे आणि त्याचा फायदा ग्लायफोसेट फवारल्याशिवाय मिळतच नाही. अशा ठिकाणी फवारणारा हात परवानाधारकाचा असावा, हे तत्त्व आदेशाने मान्य केले ही मोठी गोष्ट आहे; कारण भारतीय कीटकनाशक कायद्याच्या इतिहासात सामान्य शेतीतल्या फवारणीला व्यवसाय मानण्याचा विचार आजवर क्वचितच झाला होता. पण परवानाधारक तयार करण्याची व्यवस्था न उभारता आदेश निघाला की तो पाळला जात नाही, आणि न पाळला जाणारा नियम पुढे निरीक्षकाच्या हातात केवळ धाक म्हणून उरतो.

2023 च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र शासनाने बियाणे, कीटकनाशके आणि कापूस बियाणे यांविषयीच्या कायद्यांत राज्यापुरत्या दुरुस्त्या सुचवणारी विधेयके मांडली. त्यांत बोगस निविष्ठांच्या विक्रीचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र करणे आणि शेतकऱ्याला नुकसानभरपाई देणे यांसारख्या तरतुदी होत्या, तर धोकादायक व्यक्तींच्या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या कक्षेतही असे विक्रेते आणण्याचा प्रस्ताव होता. विधेयके संयुक्त समितीकडे गेली आणि नोव्हेंबर 2023 च्या आरंभी राज्यातील कृषी केंद्रचालकांनी तीन दिवस दुकाने बंद ठेवून निषेध केला. सीलबंद पाकीट आपण उघडत नाही, मग आतल्या मालाच्या दोषासाठी आपल्याला तुरुंग का, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. मूळ अधिनियमाच्या कलम 30 नेही योग्य परवानाधारकाकडून माल घेतलेल्या, दोष माहीत नसलेल्या आणि माल जसाच्या तसा साठवलेल्या विक्रेत्याला बचावाची जागा दिलेली आहे. दुसऱ्या बाजूला, त्या अधिनियमातील शिक्षा, म्हणजे पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा ते पन्नास हजारांचा दंड, मोठ्या उत्पादकाला जरब बसवण्यास अगदीच तोकडी आहे. परंतु या साऱ्या वादात शिक्षेचे माप बदलण्याचीच चर्चा झाली. बाटलीतल्या मालाचा दोष हाच पुन्हा केंद्रस्थानी राहिला आणि अस्सल मालाने बाधित झालेला मजूर चर्चेच्या बाहेर राहिला.

वास्तविक त्या मजुराविषयी 1971 च्या नियमांत लिहिलेले आहे, आणि ते वाचले की आश्चर्य वाटते. कीटकनाशक हाताळणाऱ्या व फवारणाऱ्या व्यक्तींना संरक्षक कपडे असावेत. त्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण उत्पादक, वितरक आणि काम करवून घेणाऱ्याने द्यावे. त्यांची नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी आणि सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी ठरावीक काळाने पाहिली जावी, अशा तरतुदी तेथे आहेत. कारखान्यात त्यांची अंमलबजावणी कल्पता येते, कारण तेथे मालक, हजेरीपट आणि फाटक आहे. घाटंजी किंवा आर्णीच्या शिवारात आज एका शेतात आणि उद्या दुसऱ्या शेतात फवारणाऱ्या मजुरासाठी मालक कोण, हा प्रश्नच मुळात सुटलेला नाही. दोन एकरांचा शेतकरी कागदोपत्री काम करवून घेणारा असला तरी तोही अनेकदा स्वतःच पाठीवर पंप घेऊन उभा असतो. अशा स्थितीत ही जबाबदारी साखळीच्या वरच्या टोकाला, उत्पादक आणि वितरकाकडे, ढकलणे हाच न्याय्य मार्ग दिसतो, आणि नियमाचा शब्दही त्याला आधार देतो.

त्यासाठी निरीक्षकाच्या तपासणी पत्रकात काही रकाने वाढवण्याची गरज आहे, नवा कायदा लागेलच असे नाही. विक्रेत्याने एकाच बिलावर परस्परांत मिसळण्यास मान्यता नसलेली औषधे दिली आहेत का. ज्या पिकासाठी शिफारस नाही त्या पिकासाठी औषध दिले गेले का. लाल व पिवळ्या त्रिकोणाच्या, म्हणजे अतितीव्र व तीव्र विषारी वर्गातल्या, औषधांसोबत हातमोजे-चष्म्याचा संच विक्रीस ठेवला आहे का. बाटलीसोबतचे मराठी माहितीपत्रक ग्राहकाला खरोखर दिले जाते का. सल्ला देताना पात्र व्यक्ती दुकानात हजर असते का, हे सर्व बिलांच्या प्रती आणि हंगामातल्या एखाद्या अचानक भेटीतून कळू शकते. त्याचबरोबर अधिनियमाचे कलम 26, जे राज्याला विषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक व्यक्तींनी कळवावी असे बंधन घालण्याचा अधिकार देते, ते प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत राबवता येते. मारेगावच्या आरोग्य केंद्रात एकाच आठवड्यात एकाच औषधाचे तीन रुग्ण आले तर ती नोंद त्याच दिवशी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचणे आणि त्यावरून त्या तालुक्यातल्या दुकानांची तपासणी सुरू होणे, ही साखळी 2017 मध्ये असती तर ऑगस्टमधल्या रुग्णांनी ऑक्टोबरमधल्या मृत्यूंची सूचना दिली असती.

कीटकनाशक अधिनियमाच्या जागी नवा कायदा आणण्याचे प्रयत्न 2008 पासून सुरू आहेत; 2020 चे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडून तपासले गेले. अशा कायद्याचा मसुदा वाचताना यवतमाळच्या शेतकरी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी पाहण्याजोगा मजकूर शिक्षेच्या प्रकरणात नसून व्याख्यांच्या आणि परवान्याच्या प्रकरणांत असेल: फवारणाऱ्या मजुराला त्यात कोणते स्थान दिले आहे, विषबाधेची भरपाई कोणी द्यायची, आणि स्थानिक परिस्थितीवरून एखादे उत्पादन आपल्या जिल्ह्यात थांबवण्याचा राज्याचा अधिकार साठ दिवसांच्या पुढे वाढतो की नाही.